एकेचाळीस सेकंद

फाइली एकूण एकशे शहाऐंशी होत्या. त्यांपैकी सात नंबर लागलेच नव्हते आणि पाच फोन उचलून लगेच ठेवले गेले होते. म्हणजे बोलणे झालेले फोन एकशे चौऱ्याहत्तर. मल्याळममध्ये अठ्ठेचाळीस, मराठीत एकोणचाळीस, गुजरातीत चौतीस, कन्नडमध्ये एकतीस, कोकणीत बावीस. सगळ्यात छोटा अठ्ठावन्न सेकंदांचा, सगळ्यात मोठा सहा मिनिटे तीन सेकंदांचा. या फोनांमध्ये पंतप्रधानांनी दिलेली आश्वासने एकसष्ट. मंजूर मसुद्यातली आश्वासने शून्य.

मी पुन्हा मोजले. एकसष्टच आली.

यातला एकही फोन पंतप्रधानांनी केला नव्हता. ऑक्टोबरच्या चक्रीवादळात पश्चिम किनाऱ्यावरचे एकशे शहाऐंशी खलाशी परत आले नाहीत. हिरण्मयी बरठाकूर आसामच्या मुख्यमंत्री होत्या तेव्हा पुरात माणूस गेलेल्या प्रत्येक घरी स्वतः फोन करायच्या. पंतप्रधान झाल्यावरही त्यांना ते सोडायचे नव्हते. पण देश मोठा आणि भाषा बावीस. म्हणून त्यांच्या कार्यालयाने आमच्या प्रयोगशाळेकडून 'स्वरदूत' बनवून घेतला. त्यांच्या आवाजात, ऐकणाऱ्याच्या भाषेत, एकाच वेळी शेकडो घरी बोलणारे यंत्र. कायद्याप्रमाणे सुरुवातीला 'हा संगणकनिर्मित स्वरप्रतिनिधी आहे' असे वाक्य होते. ज्या घरातून माणूस गेला आहे त्या घरात हे वाक्य कोणी ऐकत नाही, हे आम्हांला नंतर कळले.

आवाज बनवणे सोपे होते. घसा, नाक, जीभ यांची ठेवण आणि श्वास घेण्याच्या जागा पकडायला वीस तासांचे ध्वनिमुद्रण पुरते. अवघड असते ते संभाषण. दोन माणसे बोलत असतात तेव्हा एकाचे वाक्य संपून दुसऱ्याचे सुरू होईपर्यंत सरासरी सेकंदाचा पाचवा भाग जातो. एवढ्या वेळात आपण ठरवतो, की आता बोलायचे की थांबायचे. हे यंत्राला शिकवायचे तर बरठाकूर मॅडम कोणाशी तरी बोलताहेत आणि ऐकताहेत असे शेकडो तास हवे होते. त्यांची खासगी संभाषणे गोपनीय असल्यामुळे ती मिळेनात. मिळाली ती जाहीर सभांची सहाशे अकरा तासांची ध्वनिमुद्रणे.

तेव्हा युक्ती मी सुचवली. टिपणात माझे वाक्य आहे: 'सभा हाही संवादच आहे. जमावाला दुसरा बोलणारा मानावे.'

मानले. यंत्र शिकले. जमाव टाळ्या वाजवतो तेव्हा मॅडम थांबतात. जमाव गप्प राहतो तेव्हा मॅडम आणखी काहीतरी देऊ करतात. रस्ता म्हटल्यावर टाळी नाही आली, तर पूल. पुलाला नाही आली, तर रुग्णालय. सहाशे अकरा तासांत याला अपवाद फार थोडे होते.

आणि दुःखातला माणूस फोनवर गप्प असतो.

चाचण्यांमध्ये हे दिसले नाही, कारण चाचण्यांमध्ये शोकाकुल नातेवाईक आम्हीच झालो होतो. मी दोनदा विधवा झाले, एकदा आई. आम्ही हुंदके दिले, विचारले, रागावलो. अभिनय करणारा माणूस गप्प बसत नाही.

मी आलेख काढला. एका अक्षावर समोरच्या माणसाची शांतता, दुसऱ्यावर आश्वासने. पहिले सहा सेकंद काही नाही. नंतर साधारण दर सात सेकंदांना एक, प्रत्येक आधीच्यापेक्षा मोठे. तेवीस घरांत मिळून एकसष्ट. फाइल क्रमांक एकशे सतरा आलेखाच्या अगदी उजव्या कोपऱ्यात होती.

शेवंती कुबल, वय चौसष्ट, शिरोळबंदर, जिल्हा सिंधुदुर्ग. मुलगा भालचंद्र, वय एकतीस, बेपत्ता. यंत्राने सांत्वनाची चार वाक्ये म्हटली. पलीकडे कोणी बोलले नाही. मग यंत्र म्हणाले, बंदरावर दिवा बसवू. मग, प्रत्येक होडीवर वादळाची सूचना देणारा संच देऊ. मग, नवा धक्का बांधू. मग, मी स्वतः तुमच्या घरी येईन. मग पंतप्रधानांच्या आवाजात, अगदी हळू आणि फार सुंदर मराठीत: "तुमच्या मुलाला मी परत आणून देईन."

एकेचाळीस सेकंदांनी शेवंती कुबल पहिल्यांदा बोलली. "खरा?"

"शब्द देते," यंत्र म्हणाले.

"बरा." फोन बंद.

असे शेवटचे आश्वासन तीन घरांत दिले गेले होते.

आमचे प्रमुख डॉ. पार्थसारथी यांनी आलेख बराच वेळ पाहिला. ते वाईट माणूस नाहीत. म्हणाले, "मर्यादा घाल. सहा सेकंद शांतता झाली की 'काळजी घ्या' म्हणून फोन ठेवायचा."

"ते पुढचं झालं, सर. मागचं?"

"मागचं आपल्या हातात नाही, चैताली. मी वर कळवतो. वरचे ठरवतील."

वरच्यांनी तीन आठवडे काही ठरवले नाही. दरम्यान कार्यालयाच्या तक्रार खिडकीवर मराठीत एक निरोप आला आणि मराठी म्हणून तो माझ्याकडे पाठवला गेला. 'पंतप्रधान मॅडम कधी येणार? सासूबाई वाट बघतात. तारीख कळवावी. प्रणिता भालचंद्र कुबल.'

माझे घर कणकवलीत आहे. दिवाळीच्या सुट्टीला गेले आणि तिसऱ्या दिवशी वडिलांची स्कूटर घेऊन शिरोळबंदरला निघाले. खरे काय ते सांगून यायचे, असे ठरवले होते. वाक्येही जुळवली होती.

घर धक्क्यापासून दोनशे पावलांवर. अंगण सारवलेले. ओटीच्या खांबाला खिळा, खिळ्याला प्लास्टिकची पिशवी, पिशवीत मोबाइल. तिथेच रेंज येते, म्हणून. शेवंतीकाकी ओटीवर जाळ्याचा तुटका भाग विणत बसली होती. दिल्लीहून आले म्हटल्यावर तिने सुई खाली ठेवली.

"ती इली?"

"नाही काकी. मी चैताली धुरी, कणकवलीची. तिच्या कचेरीतली. म्हणजे, कचेरीसाठी काम करते."

"धुरींचा चेडू मा तू? कणकवलीचा? तुझ्या आज्याक मी वळखंय. सुरमयेचो भाव कमी करूक तासभर हुज्जत घाली." ती हसली. "बस गो. जेवल्याशिवाय जावचा नाय."

तिने मला बांगड्याचे तिखले आणि भात वाढला. मी पानाकडे पाहत राहिले. माणूस गेलेल्या घरात बारा दिवस मासे शिजत नाहीत. इथे पहिल्या दिवसापासून शिजत होते, कारण या घरात कोणी गेलेच नव्हते. चुलीजवळ आणखी एक ताट वाढून झाकून ठेवलेले होते. ते कोणाचे, मी विचारले नाही.

"तहसीलदार कागद घेवन इललो," काकी म्हणाली. "सही कर म्हणता. झील मेलो म्हणान सही! मी म्हटलंय, तुज्या सायबाच्या सायबाक इचार. तिना सांगल्यान माका, परत हाडून दितंय. सरकार खोटा बोलात. पण बायलमाणूस आवशीकडे खोटा बोलाचा नाय."

मी तीन वेळा तोंड उघडले. तिन्ही वेळा भाताचा घास घेतला.

निघताना प्रणिता माझ्याबरोबर स्कूटरपर्यंत आली. माझ्याहून दोनच वर्षांनी मोठी असेल. गळ्यात मंगळसूत्र, हातात हिरव्या बांगड्या, डोळे कोरडे.

"तो फोन मशीनीचो होतो मा?" तिने विचारले.

"तुला कसं कळलं?"

"तेवढा बरा मराठी आमचो आमदारसुद्धा बोलणा नाय." ती हसली नाही. "माका म्हायत आसा, ते येवचे नाय. त्या वादळात कोण येता? पण माका रडाक गावणा नाय. डोळ्यांत पाणी दिसला की आई म्हणतत, अपशकून करू नको, तो वाटेर आसा. दीड म्हयनो झालो. मी न्हाणयेत नळ सोडून रडतंय."

"मी सांगू का त्यांना?"

तिने मान हलवली. "तुझा आयकाच्या नाय. माझा आयकनत नाय. ज्या आवाजान सांगल्यान, त्याच आवाजान सांगूक होया."

परतीच्या रस्त्यावर माझ्या लक्षात आले, की तो आवाज माझ्या संगणकात आहे. एक वाक्य टंकायचे, बटण दाबायचे. पंतप्रधानांच्या आवाजात शेवंतीकाकीला खरे सांगता येईल. पाच मिनिटांचे काम. कणकवली येईपर्यंत मी ते वाक्य मनात तयारही केले, आणि घरी पोचल्यावर संगणक उघडला नाही. वाक्य खरे असते, पण सांगणारे पुन्हा तेच यंत्र असते.

दिल्लीला परतल्यावर मी टिपण लिहिले. चार पाने, एक आलेख, एक परिशिष्ट. परिशिष्टात प्रणिताची वाक्ये होती. डॉ. पार्थसारथींनी ते वाचले, चष्मा काढला आणि कोणाच्याही टेबलावर न अडकता ते पंतप्रधानांपर्यंत जाईल याची व्यवस्था केली. त्यासाठी त्यांनी काय केले ते मला अजून माहीत नाही.

पाचव्या दिवशी मला बोलावणे आले. वेळ अकरा मिनिटे.

खोलीत तीन माणसे होती. बरठाकूर मॅडम, त्यांचे सल्लागार चतुर्वेदी आणि मी. मॅडम टीव्हीवर दिसतात त्याहून लहानखुऱ्या आहेत. बोलणे हिंदीत झाले.

"फाइल एकशे सतरा ऐकव," त्या म्हणाल्या.

मी लावली. स्वतःचा आवाज परक्या भाषेत दिवा, संच, धक्का देऊ करतो आहे, हे त्या मान खाली घालून ऐकत होत्या. मी शेजारी बसून अर्थ सांगत होते. शेवटच्या वाक्याचा अर्थ सांगितला तेव्हा त्यांनी हात वर केला. थांब.

चतुर्वेदी म्हणाले, "निवेदन तयार आहे. तांत्रिक त्रुटीमुळे काही संदेशांत अनधिकृत मजकूर गेला, सरकार दिलगीर आहे. दोन ओळी. विषय संपतो."

"त्रुटी कोणाची?" मॅडमनी मला विचारले.

"माझी. सभांचा उपयोग करायचं मी सुचवलं होतं."

"तू सभा वापरल्यास. सभांमध्ये बोललं कोण?" त्या चतुर्वेदींकडे वळल्या. "समोरचे गप्प बसले की मी काहीतरी देऊन टाकते. चाळीस वर्षं. यंत्रानं ते बरोबर पकडलं. यात तांत्रिक काय आहे?"

चतुर्वेदींनी कागदाची घडी केली. "मॅडम, आपलं बहुमत नऊ जणांचं आहे. ही गोष्ट सभागृहात अशी सांगितली तर..."

"एकसष्टांपैकी होण्यासारखी किती?" हा प्रश्न मला होता.

"अठ्ठावन्न."

"ती माझीच समजा. कामाला लागा. जे पूर्ण होईल तेवढंच मी बोलेन. आणि तीन घरी मी स्वतः फोन करणार. आधी घरं, मग सभागृह." मग मला, "ती आई मराठी बोलते ना?"

"मालवणी, मॅडम."

"मला शिकव. चार वाक्यं."

दुसऱ्या दोन घरांपैकी एक गुजराती होते, एक मल्याळी. त्यांच्यासाठी दुसरी माणसे होती. माझ्या वाट्याला सकाळची रोज वीस मिनिटे आली, सात दिवस. वाक्ये त्यांना लवकर पाठ झाली. उच्चार आसामी राहिले. ते तसेच राहू द्यावेत असे मी म्हटले.

अवघड पाचवी गोष्ट होती. चार वाक्यांनंतर गप्प राहायचे.

मी शेवंतीकाकी होऊन समोर बसले, आणि या वेळी मी अभिनय केला नाही, नुसती बसले. हातात स्टॉपवॉच. मॅडमनी वाक्ये म्हटली. शांतता. त्यांची बोटे टेबलावर हलू लागली.

"बघा, तुमच्या सुनेसाठी आम्ही..."

"नऊ सेकंद," मी म्हटले.

त्या मोठ्याने हसल्या. "नऊच? मला तर तास वाटला."

दुसऱ्या दिवशी चौदा. तिसऱ्या दिवशी अकरा. त्या वैतागल्या. "अगं, समोरचा गप्प आहे म्हणजे त्याला काहीतरी हवं आहे, असं वाटतं."

"हवं असेलही, मॅडम. पण तुमच्याकडे ते नाही."

बोलून गेल्यावर मी स्टॉपवॉचकडे पाहू लागले. त्यांनी माझ्याकडे पाहिले आणि पाण्याचा पेला माझ्यापुढे सरकवला.

सहाव्या दिवशी एक मिनिट झाले, दोन मिनिटे झाली. त्या खिडकीकडे पाहत होत्या. बोटे स्थिर होती. मी घड्याळ थांबवायचे विसरले.

फोनांचा दिवस मंगळवार. सकाळी दहाला सुरुवात, अकराला सभागृहात निवेदन. गुजराती घर झाले, मल्याळी झाले. शिरोळबंदरचा फोन दहा वाजून चव्वेचाळीस मिनिटांनी लागला. मॅडमच्या शेजारी मी, हातात कोऱ्या चिठ्ठ्या. काकी बोलेल त्याचा अर्थ लिहून पुढे सरकवायचा. चतुर्वेदी दारापाशी उभे होते.

"हॅलो," काकी म्हणाली. "कोण ता?"

"शेवंतीबाय, मी हिरण्मयी बरठाकूर. दिल्लीसून."

"तू? त्या दिवशी किती बरा बोललंस. आज असा कित्या अडाखळतंस?"

मी चिठ्ठी लिहिली. मॅडमनी ती वाचली आणि समोरच्या कागदाकडे न पाहता चार वाक्ये म्हटली. अडखळत, एकेक शब्द वेगळा करून.

"त्या दिवशी मी नाय, मशीन बोलला. मशीन माझाच होता, ती चूक माझी. तुमच्या झिलाक मी परत हाडूक शकत नाय. माका माफ करा."

पलीकडे काही नाही.

मी घड्याळ सुरू केले होते. नऊ सेकंद. चौदा. मॅडमचा उजवा हात टेबलावरून उठला आणि परत खाली आला. एकेचाळीस सेकंद झाले तेव्हा मी त्यांच्याकडे पाहिले. त्यांनी डोळे मिटले होते. एक मिनिट. चतुर्वेदींनी दारावरच्या घड्याळाकडे पाहिले. दोन मिनिटे.

मग काकीचा आवाज आला, फोनपासून जरा लांबून. "प्रणिता. गो प्रणिता, हय ये."

पावले. काहीतरी पितळी पडल्याचा आवाज. आणि मग प्रणिता रडू लागली. नळाचा आवाज नव्हता. मी चिठ्ठीवर काही लिहिले नाही. लिहिण्यासारखे काही नव्हते.

बराच वेळ ते तसेच चालले. मध्येच काकी बोलू लागली. पंतप्रधानांशी की सुनेशी, की कोणाशीच नाही, हे मला सांगता येणार नाही. भालू तीन वर्षांचा असताना होडीत झोपून गेला आणि सगळे गाव त्याला शोधत होते, ते तिने सांगितले. तो मीठ जास्त खायचा. लग्नात त्याने बूट उलटे घातले होते आणि फोटोत ते अजून दिसतात. मी भराभर लिहीत होते. बुटांची चिठ्ठी वाचताना मॅडमच्या ओठांचा कोपरा हलला. त्या बोलल्या नाहीत.

अकरा वाजले. चतुर्वेदी पुढे आले, टेबलापाशी वाकून हलक्या आवाजात म्हणाले, "मॅडम, सभागृह."

मॅडमनी तळहात दाखवला.

"बंदरार दिवो लागलो," काकी म्हणाली. "परवा. आदी लागाक होयो होतो."

चिठ्ठी. "होय," मॅडम म्हणाल्या.

"कागदार सही करतंय आता. त्या तहसीलदाराक सांग, संध्याकाळचो ये म्हणान." काकीने श्वास घेतला. "आणि तू येतलंस म्हटलला त्या मशीनीन. आता येव नको. आता बारा दिवस घरात मासो शिजाचो नाय. मगे ये. येवचा तर."

मी चिठ्ठी लिहून पुढे केली. मॅडमनी ती वाचली, घडी करून मुठीत धरली. त्या काही बोलणार असे वाटले, पण त्यांनी ओठ मिटले. पलीकडेही कोणी बोलले नाही, आणि कोणी फोनही ठेवला नाही.

फोन अकरा वाजून सहा मिनिटांनी संपला. नेहमीच्या पद्धतीने मी नोंद केली:

एकूण लांबी बावीस मिनिटे अकरा सेकंद. पंतप्रधानांचे बोलणे चोपन्न सेकंद. शेवंती कुबल यांचे बोलणे पाच मिनिटे दोन सेकंद. रडणे पाच मिनिटे चाळीस सेकंद. शांतता दहा मिनिटे पस्तीस सेकंद. त्यातली सलग सर्वांत मोठी दोन मिनिटे सतरा सेकंद. आश्वासने शून्य.